होल्स्टरला लागलेली हळद

खंडेनवमीला मी एका दिवंगत जपानी माणसाच्या नावावर ओली हळद लावली. चुकून नाही, चांगली भक्तिभावाने लावली. ती निघाली नाही.

नाव होतं एका होल्स्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. होल्स्टर म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं, पिस्तूल ठेवायचं कातडी पाकीट. मला जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद आहे, आणि असा नाद असलेल्या माणसाने बँकेची बदली घेऊन जपानला यावं हाच मुळात गाढवपणा. इथे सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. संग्रहासाठी नाही, शोभेसाठी नाही, युद्धातलं असलं आणि गंजून दगड झालेलं असलं तरी नाही. माझे वडील खडकीला लष्कराच्या वर्कशॉपात पिस्तुलं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला कायम बंदुकीच्या तेलाचा वास असायचा. लहानपणी त्यांनी भरवलेल्या वरणभातालाही तो यायचा आणि मला तो वरणाचाच वास वाटायचा. त्यांच्या हातातली कला माझ्या हातात उतरली नाही, वास मात्र डोक्यात बसला.

टोकियोच्या कोतो भागात आमच्या घराजवळच्या देवळाच्या आवारात महिन्यातून दोनदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी पहिल्याच भेटीत, पाठ केलेल्या जपानीत, विचारलं होतं, "पिस्तूल आहे का?" त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे कोण उभं आहे ते पाहिलं, आणि मांडलेल्या कपबशांवर हळूच चादर ओढली. पुढे ओळख झाली, मी त्याचा 'इंदो-सान', म्हणजे भारतवाले साहेब, झालो, तेव्हा त्यानेच तोडगा सांगितला. "इंदो-सान, पिस्तूल विसरा. त्याची पाकिटं घ्या. पाकिटाला कोणी पकडत नाही."

तेव्हापासून मी पिस्तुलांविना पिस्तुलांचा संग्रह करतो. माझ्या बायकोच्या शब्दांत, "तुझी ती रिकामी पाकिटं." ती कावासाकी शहरातल्या एका कंपनीत काम करते, जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलते, आणि माझ्या संग्रहाबद्दल तिचा एकच प्रश्न असतो: "हे जळणाऱ्या कचऱ्यात जातं की न जळणाऱ्या?"

हे विशिष्ट होल्स्टर मिळालं तेव्हा त्सुनामी आणणाऱ्या मोठ्या भूकंपाला सात वर्षं होऊन गेली होती. कातडं वाळून आंबापोळीसारखं झालं होतं, झाकणाची शिवण उसवलेली. मी दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन तीन रविवार खपलो. शिवण इतकी वाकडी आली की बायको म्हणाली, जुनी उसवलेलीच बरी दिसत होती. मग कातडं मऊ करायचं तेल चोळलं, आणि झाकणाच्या आत, जिथे कातडं रंगवलेलं नसतं, कच्चंच असतं, तिथे हळूहळू अक्षरं वर आली. वर एक बारीक ओळ, खाली चार मोठी अक्षरं.

मी होल्स्टर घेऊन बाजारात धावलो. दुकानदाराने चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. वरची ओळ गावाचं नाव होती, खाली माणसाचं. गावाचं नाव त्याने दोनदा वाचलं.

"मियागीच्या किनाऱ्यावरचं," तो म्हणाला. "त्सुनामीनंतर तिथे घरं नाहीत."

त्याने चष्मा खाली घेतला. मग म्हणाला, "देऊळ असेल मात्र. देवळं टेकडीवर असतात. गावात कोण मेलं, कोणाच्या घरचं होतं, हे सगळं तिथल्या भिक्षूंच्या वहीत असतं. त्यांना लिहा."

बँकेत मी वर्षानुवर्षं बेपत्ता खातेदार शोधलेत; मला वाटलं, हे तर आपलंच काम. मी पत्र लिहिलं. म्हणजे मी मराठीत बोललो आणि बायकोने जपानीत लिहिलं. त्यात मी एक परिच्छेद माझ्या पांडित्याचा घातलाच. होल्स्टरच्या आतल्या खुणांवरून माझ्या असं लक्षात आलं आहे की यात पिस्तूल अनेक वर्षं सतत वापरात असावं, नळीचं टोक खाली उजवीकडे घासलेलं दिसतं, वगैरे. बायको म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "अगं, त्यांना कळायला नको, कोणाच्या हातात वस्तू पडली आहे ते?"

जून गेला, जुलै-ऑगस्ट गेले, सप्टेंबर गेला. उत्तर नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की त्या घरातलं कोणी उरलेलं नसणार. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. वस्तू माझीच राहणार होती.

मग आली खंडेनवमी. जपानात तिला सुट्टी नसते. बायको कामावर गेली होती, मी एक दिवस रजा काढली होती. दरवर्षी पूजा तीच मांडते: लॅपटॉप, शिवणयंत्र, विळी, माझी सायकल. लॅपटॉपला ती हळदकुंकू लावत नाही, नुसतं फूल ठेवते, त्यामागे काय विचार असतो ते मला त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. मी पाटावर सगळं मांडलं. विळीशेजारी होल्स्टर ठेवलं. घरात शस्त्र म्हणावं असं तेवढंच, तेही आत काही नसलेलं. पण मला भरून आलं. वाटलं, ज्याचं शस्त्र त्याला मान द्यायला हवा. या माणसाची आठवण काढणारं आता कोणी नाही, आपणच काढू. मी झाकण उघडलं, वाटीतली ओली हळद बोटावर घेतली आणि त्याच्या नावाला लावली. कोरडं कुंकू वर चिमूटभर. नमस्कार केला. डोळे मिटले. उघडले तेव्हा कच्चं कातडं हळद पीत होतं, आणि नावातलं शेवटचं अक्षर तिच्याखाली बुडालं होतं.

कुंकू फुंकरीने उडालं. हळद राहिली. मी फडकं ओलं करून पुसलं, ती पसरली. मग मी जे केलं ते मराठी घरात वाढलेल्या माणसाने करू नये. मी साबण लावला. पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं हे आपल्याकडे कोणालाही विचारा. डाग लालभडक झाला. शेवटचं अक्षर आता दिसतसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी बायको आली, तिने पाहिलं, पर्स न ठेवताच खुर्चीवर बसली.

"साबण?"

"हो."

"हळदीला?"

"हो ना."

"तुझ्या आईला फोन करून सांगू का?"

"नको गं."

चार दिवसांनी पत्र आलं.

लिहिणाऱ्या बाई त्या माणसाची मुलगी होत्या. भिक्षू वर्षभर आजारी होते, त्यामुळे आमचं पत्र या बाईंपर्यंत उशिरा पोचलं, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. उंचावर नव्याने बांधलेल्या वसाहतीत त्या एकट्या राहत होत्या. लाटेत घर गेलं, फोटो गेले. नंतर स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले फोटो धुऊन एका शाळेत मांडले होते, तिथे त्या अनेक महिने जात राहिल्या, त्यांच्या घरचा एकही मिळाला नाही. शेवटची ओळ बायकोने हळू वाचली. "आपण लिहिता की आत नाव हाताने लिहिलेलं आहे. आमच्या घरातल्या कोणाच्याही हातचं अक्षर आता माझ्याकडे नाही. एकदा पाहायला मिळालं तर उपकार होतील."

आम्ही दोघं त्या लाल डागाकडे बघत बसलो. मी म्हटलं, "पत्राला उत्तरच नाही दिलं तर?" बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. होल्स्टर पाहायला न्यायचं की देऊन टाकायचं हा दुसरा विषय मी काढलाच नाही. त्याचाही निकाल त्याच नजरेत लागला होता.

"उन्हात ठेव," ती म्हणाली. "हळद उन्हाने जाते. सदरा असता तर काय केलं असतं?"

"पण शाईपण उडाली तर?"

तिने मला दुकानदाराकडे पिटाळलं. दुसऱ्या दिवशी मी होल्स्टर घेऊन दुकानदाराकडे गेलो, त्याच्या घरी, बाजार नव्हता म्हणून. त्याने डाग पाहून तोंडाने एक लांब श्वास आत ओढला. जपानी माणूस असा श्वास ओढतो तेव्हा समजावं की परिस्थिती गंभीर आहे. मग त्याने भिंगातून उरलेली तीन अक्षरं बराच वेळ पाहिली.

"शाई काजळीची दिसते," तो म्हणाला. "पेनची असती तर उन्हात उडाली असती. काजळीला ऊन काही करत नाही. साबणानेही गेली नाही, ते त्यामुळेच. बहुतेक."

"बहुतेक?"

"इंदो-सान, नावाला मसाला लावलेलं मी तरी पहिल्यांदाच बघतोय."

पुढचे सोळा दिवस मी ऑक्टोबरच्या उन्हामागे फिरलो. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं, ते डागावर आलं असं बघून बाकीचं कातडं झाकलं, आणि बाल्कनीच्या कठड्याला गादीच्या चिमट्यांनी सगळं अडकवलं. शेजारणी गाद्या वाळत घालत होत्या, त्यांच्या रांगेत माझं पिस्तुलाचं पाकीट. दुपारी ऊन सरकलं की ते सरकवायला कोणी नसे, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत घरी यायचो. ऑफिसात सांगितलं, घरी आजारी माणूस आहे. सहकाऱ्याने विचारलं, "कोण, मिसेस?" मी म्हटलं, "नाही, वडीलधारे आहेत." कोणाचे ते सांगितलं नाही.

लाल रंग आधी विटकरी झाला, मग बदामी. अकराव्या दिवशी मला एक काळी रेघ दिसल्यासारखी वाटली. मी बायकोला ऑफिसात फोन केला. ती म्हणाली, "मीटिंगमध्ये आहे," आणि लगेच, "कुठली रेघ?"

अक्षर आलं. पूर्ण आलं. भोवती फिकट पिवळी सावली मात्र राहिली, चंद्राला खळं पडतं तशी. ती काही गेली नाही.

आम्ही सेंदाईपर्यंत शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, गेलो, तिथून किनाऱ्याच्या गाडीने, मग बसने. खिडकीतून एका बाजूला नवा, राखाडी, उंच बांध दिसत होता, दुसऱ्या बाजूला गवत. गवतात मधेच एखाद्या घराच्या दाराची पायरी. बायको मला माफीचं वाक्य पाठ करून घेत होती. जपानीत माफीच्या बऱ्याच पायऱ्या आहेत; तिने माझ्यासाठी सगळ्यात वरची निवडली होती, आणि ती माझ्या जिभेला पेलत नव्हती. सोबत टोकियोतल्या मिठाईचा डबा होता, कारण माफी रिकाम्या हाताने मागायची नसते. तिने घरून बेसनाचे लाडूही घेतले होते. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

बाई दारातच उभ्या होत्या. लहान चणीच्या, ताठ, निळा एप्रन घातलेल्या. घर दोन खोल्यांचं, सगळं नवं. आम्ही बुटक्या टेबलापाशी गुडघ्यांवर बसलो. मी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, मध्ये अडलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि वाकताना टेबलाच्या कडेवर कपाळ आपटलं. चहा हिंदकळला. बाईंनी होल्स्टर चटकन वर उचलून धरलं, चहापासून दूर. मग बायकोला विचारलं, "हे काय म्हणतायत?"

बायकोने सांगितलं. सगळं सांगितलं, साबणासकट.

बाईंनी झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं आणि हुंगलं.

"हळद म्हणजे करीत घालता ती?"

"हो."

"तुम्ही माझ्या वडिलांवर करी सांडलीत?"

"नाही, नाही," मी माझ्या जपानीत म्हणालो. "देव. शस्त्र. मान." मग बायकोकडे वळलो. "अगं, सांग ना त्यांना, आपल्याकडे वर्षातून एकदा शस्त्राची पूजा करतात."

बायकोने सांगितलं. बाई बघतच राहिल्या. "शस्त्र कुठलं?" त्या म्हणाल्या. "पिस्तूल युद्ध संपल्यावर जमा करून घेतलं. यात छाटणीची कात्री असायची. आमची नासपतीची बाग होती. ती कात्री अशी कमरेला लावून वडील बागेत जायचे." त्यांनी बोट आत घालून खाली उजवीकडची घासलेली जागा दाखवली, ज्यावर मी एक परिच्छेद लिहिला होता. "हे कात्रीच्या चोचीने झालंय. चाळीस वर्षं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते पाहिल्यापेक्षा जास्त लागलं.

"आमच्याकडे कात्रीचीपण पूजा होते," ती बाईंना म्हणाली. "ज्याच्यावर पोट चालतं त्याची होते."

"हो का? मग चुकीचं नाही झालं," बाई म्हणाल्या आणि झाकण पुन्हा उघडून खिडकीपाशी गेल्या, उजेडात. पाठमोऱ्या उभ्या होत्या. बोटाने एकेक अक्षर गिरवत होत्या, वरून खाली. शेवटच्या अक्षरावर, त्या पिवळ्या सावलीत, बोट थांबलं. त्यांनी ते अक्षर पुन्हा गिरवलं. मग तिसऱ्यांदा.

मी गुडघ्यांवरूनच पुढे सरकलो. वाटलं, काहीतरी गेलंय, एखादा ठिपका, एखादी रेघ, जी मला दिसत नाही आणि त्यांना माहीत आहे.

"हे वडिलांनी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

 मला वाटलं, चुकीच्या घरी आलो.

"ही शेवटची रेघ बघा. अशी लांब, खाली ओढून, मग वर उचललेली. अशी आमच्या आईचीच असायची. माझ्या दप्तरावर, छत्रीवर, डब्याच्या फडक्यावर, सगळ्यांवर तिनेच नावं घातलेली. शाळेत पोरी चिडवायच्या की तुझ्या नावाला शेपूट आहे." त्यांनी झाकण छातीशी धरलं नाही, डोळ्यांना एप्रन लावला नाही, तसं काही केलं नाही. नुसतं म्हणाल्या, "वडील लढाईवर जायच्या आधी तिने लिहिलं असणार. हरवू नये म्हणून."

बायको उठून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. दोघी जणी त्या एका रेघेकडे बघत होत्या. मी टेबलावर सांडलेला चहा माझ्या रुमालाने टिपत बसलो, मला तेवढंच काम जमत होतं. ती रेघ जवळजवळ तीन आठवडे माझ्या हळदीखाली होती, आणि ऊन कमी पडलं असतं तर कायमची तिथेच राहिली असती, या विचाराने मी कोरडं झालेलं टेबलही पुसत राहिलो.

चहा पुन्हा आला. बाईंनी लाडू हातात घेऊन रंग निरखला, माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि अर्धा खाल्ला. मग त्यांनी सांगितलं की वडील गेल्यावर धाकट्या भावाने बागेतलं खोपटं रिकामं केलं आणि त्यात हे पाकीटही भंगारवाल्याला देऊन टाकलं. भूकंपाच्या बऱ्याच आधी. "मी त्याला खूप बोलले होते. घरात आईबापाचं काही ठेवणार आहेस की नाही म्हणून. दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाही." त्यांनी हातातल्या अर्ध्या लाडवाकडे पाहिलं. "त्याने ठेवलं असतं तर तेही गेलं असतं. तो गेला तसं."

उरलेला लाडू त्यांनी बशीत न ठेवता कोपऱ्यातल्या छोट्या देव्हाऱ्यात ठेवला. तिथे फोटो नव्हता, नावाच्या लाकडी पाट्या होत्या. होल्स्टर त्यांनी त्यांच्या शेजारी ठेवलं, झाकण उघडं, अक्षरं बाहेर. मी ते आता परत मागणार नाही हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. खरं सांगतो, हात रिकामे झाल्याचं वाईट वाटलं नाही. जरासं वाटलं, पण ते बायकोला सांगितलेलं नाही.

निघताना मी दारात बूट चढवत होतो. एक पाय बुटात, एक बाहेर, अशा अवस्थेत मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "माझ्याकडे अशी आणखी सात पाकिटं आहेत. त्यातल्या दोनांवर नावं आहेत. त्यांचीही घरं शोधीन."

बायकोने भाषांतर केलं. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि माझ्याशी नव्हे, बायकोशी बोलल्या. बायको हसायला लागली, सांगेचना. मी बूट धरून उभा.

"अगं, काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जरूर शोधा. पण नाव सापडलं की पाकीट लगेच तुझ्याकडे घे, आणि यांना पुन्हा हात लावू देऊ नकोस."